त्या पोत्यात तीस गार्ड होते

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण पावसाच्या आत घरकुल उरकायचं म्हणून ज्यांच्या घरी या महिन्यात भाड्याची कटर मशीन येणार आहे, त्यांनी मशीन आणायच्या आधी वाचा.

मार्चमध्ये मी एक बातमी दिली होती. चार ओळींची. घरकुलाच्या बांधकामावर कटर मशीन चालवताना निष्काळजीपणामुळे 22 वर्षीय युवकाच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटली, उपचार सुरू आहेत, वगैरे. सालेकसा तालुक्यातलं गाव. तेव्हा गावाचं नाव छापलं होतं, आता मुद्दाम देत नाही. ती बातमी मी जागेवर न जाता दिली. गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, "कटर लागला जी, पोट्ट्यानं ध्यान नाही देलं." मी त्या "ध्यान नाही देलं"चं "निष्काळजीपणामुळे" केलं आणि पाठवून दिलं. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात सहा प्रश्न शिकवतात. काय, कुठं, केव्हा, कोण, का आणि कसं. त्या दिवशी मी "कसं" विचारलंच नाही.

पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्याच कामानं त्या गावात गेलो. पोराच्या आईनं मला ओळखलं. भांडली नाही, रडली नाही. पाणी दिलं आणि विचारलं, "तुमीच लिवलं होतं का जी, माह्या पोराची चूक होती म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी बसलो आणि जे मार्चमध्ये विचारायला पाहिजे होतं ते विचारलं.

झालं ते असं. घराला फरशी बसवायची होती. मिस्त्री दोन दिवस येऊन गेला, कडेच्या तुकड्यांचं काम राहिलं. मिस्त्रीची मजुरी वाचावी म्हणून पोरगा म्हणाला, एवढं मी करतो. बाजारातून 4 इंची कटर रोजानं भाड्यानं आणला. मशीनला गार्ड नव्हता, बाजूची मूठ नव्हती, वायरीला प्लग नव्हता. दोन उघड्या तारा बोर्डात घालून आगपेटीच्या काड्या खुपसल्या. आपल्याकडे अर्धी मशीनं अशीच चालतात, त्यामुळे कोणाला त्यात नवल वाटलं नाही. सकाळभर काम झालं. दुपारी मशीन चालू असताना लाईन गेली.

इथं थांबा, कारण सगळी गोष्ट इथं आहे. त्या मशीनचं बटण सरकवायचं असतं. पुढं सरकवलं की अडकतं, हात काढला तरी चालूच राहतं. लाईन गेली, मशीन बंद पडली, आवाज थांबला. बटण मात्र पुढंच अडकलेलं होतं. पोरानं मशीन फरशीच्या थप्पीवर ठेवली आणि डाव्या हातानं टेप धरून पुढच्या तुकड्याचं माप घ्यायला वाकला. दहा मिनिटांनी लाईन आली. मशीन थप्पीवरून उसळली आणि फिरली. गार्ड असता तर हाताला लोखंडी पत्रा लागला असता, खरचटलं असतं. गार्ड नव्हता.

बोटं रुमालात गुंडाळून कोल्ड्रिंकच्या दुकानातल्या बर्फात ठेवली आणि गाडी करून निघाले. बर्फात थेट ठेवलं की मांस गोठतं आणि मग जोडायच्या कामाचं राहत नाही, हे त्या घरात कोणाला माहीत असणार? मलाही नव्हतं. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची, हे मला नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. आणि सोबत हात दाबून वर धरायचा, हळद-चुना-चहापत्ती काही लावायची नाही. बोटं जोडणारी सूक्ष्म शस्त्रक्रिया म्हटलं की आपल्याकडून नागपूर. गोंदियाहून रेल्वेनं 130 किलोमीटर, सालेकसा-दरेकसाकडून गोंदियाला पोचायचं ते वेगळंच. हात शिवला गेला. बोटं गेली ती गेली.

पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी पाचला डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं आपण सगळे पाहतो, त्यातला एक. मेडिकलमध्ये काय होणार हे मी त्याला विचारलं नाही. धावायचे बूट खुंटीला टांगलेले होते.

आता सांगा, "निष्काळजीपणा" कोणाचा?

तो नव्हताच असं मी म्हणणार नाही. लाईन गेल्यावर बटण मागं घ्यायला पाहिजे होतं, तारा बोर्डातून काढायला पाहिजे होत्या. पण ज्या मशीनवर गार्ड, मूठ आणि प्लग या तीन गोष्टी कंपनी डब्यातून देते, त्या तिन्ही काढून ती मशीन एका बावीस वर्षांच्या पोराच्या हातात देणारा माणूस माझ्या चार ओळींत कुठंच नव्हता. अपघाताच्या बातमीत आपण नेहमी ज्याला लागलं त्यालाच आरोपी करतो. सोपं असतं. तो दवाखान्यात असतो, उत्तर द्यायला येत नाही.

मी भाड्यानं मशीन देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानाचं, बाजारपेठेचं नाव देत नाही, कारण एका दुकानाला बदनाम करायचं नाही. त्यानंतर आणखी तीन दुकानं फिरलो, तिथंही वेगळं काही नव्हतं. दुकानदार ओळखीचा, चांगला माणूस, चहा मागवला. मी विचारलं, गार्ड कुठं आहेत? त्यानं काउंटरखालून एक सिमेंटचं रिकामं पोतं ओढलं. त्यात गार्ड होते. मी मोजले. तीस. काही तर प्लास्टिकच्या वेष्टनातच होते, नवे कोरे.

"गिऱ्हाईकच काढून मांगते जी," तो म्हणाला. "गार्ड लावला त कोपऱ्यात मशीन जात नाही म्हणते. अन् मोठी पत्ती बसत नाही."

या मोठ्या पत्तीवर जरा बोलायलाच पाहिजे. 4 इंची कटर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. गणित करून पाहा. 100 मिलिमीटरच्या डिस्कची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर वेगानं फिरते. आपल्या गोंदिया स्टेशनवरून जाणारी कुठलीच गाडी एवढ्या वेगानं जात नाही. आणि ही डिस्क असते कशाची? दगडी भुकटी, राळ आणि जाळीदार कापड. प्रत्येक डिस्कवर जास्तीत जास्त किती फेऱ्यांपर्यंत ती टिकते ते छापलेलं असतं. 7 इंची डिस्कवर साधारण 8,500 लिहिलेलं असतं. लहान मशीनचा गार्ड काढून तिच्यावर मोठी डिस्क चढवली की 8,500 ची डिस्क 11,000 नं फिरायला लागते. ती फुटली तर तुकडे कुठं जातील हे मशीन ठरवते, मिस्त्री ठरवत नाही. चांगल्या डिस्कच्या मधल्या लोखंडी कड्यावर महिना आणि वर्षही असतं. ती एक्सपायरी असते. औषधाची तारीख पाहणारे आपण, डिस्कची कधी पाहिली? मागच्या पावसाळ्यात ओलीत पडलेली डिस्क उन्हाळ्यात चढवणं म्हणजे भिजलेल्या दोरीला लटकण्यासारखं आहे, आणि दर घरी अशी एक डिस्क खिडकीत पडलेली असतेच.

त्याहून भयंकर म्हणजे लाकूड कापायची दातेरी पत्ती कटरला लावणं. फाटकाची चौकट, खाटेचे पाय, काहीही कापायला. लाकडात दात अडकला की मशीन मागं उडते, आणि मागं माणूस असतो. हे काम करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, करवत घ्या. दहा मिनिटं जास्त लागतील.

कोपऱ्याचं म्हणाल तर गार्ड फिरवता येतो. सैल करायचा, हव्या त्या बाजूला वळवायचा, आवळायचा. तरी एखादा इंच उरला तर तेवढ्यासाठी छिन्नी-हातोडा आहे. आपल्या आज्यांनी घरं छिन्नीनंच बांधली.

आता मशीनचं मला काय कळतं असं कोणी विचारण्याआधी माझंच सांगून टाकतो. मागच्या दिवाळीत खिडकीच्या जाळीचा पाइप मी घरीच कापला. डोळ्यावर काही नाही. बायको म्हणाली चष्मा लावा, मी म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. ठिणगीतला कण डोळ्यात गेला. संध्याकाळी खुपायला लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, लुगड्याच्या पदरानं काढते, दुसऱ्यानं एक म्हातारी सुचवली जी जिभेनं कचरा काढते. मी रात्र काढली. सकाळी डोळ्याच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि सुईनं तो कण काढला. लोखंडाच्या कणानं रात्रभरात बुबुळावर गंजाचं वर्तुळ धरलं होतं, तेही खरवडावं लागलं. मध्यावर असता तर डाग नजरेत राहिला असता, असं ते म्हणाले. शंभर रुपयांच्या आत गॉगल मिळतो. मी शंभर रुपये वाचवले होते.

म्हणून मी कोणाला अक्कल शिकवायला बसलेलो नाही. मी शिकलेला, पेपर वाचणारा माणूस, मीच हे केलं. अक्कल पुरत नाही. हातात आलेली मशीनच अशी असावी लागते की चूक झाली तरी बोट राहील. चूक होणारच. दुपारी 44 डिग्रीत, घामानं निथळत, गळ्यात दुपट्टा, लाईन येते-जाते, मिस्त्री हाका मारतोय, अशा वेळी माणूस चुकतो. हा दुपट्टाही लक्षात घ्या. विदर्भात तो आपल्या मानेचा भागच आहे. फिरत्या ड्रिलमध्ये किंवा मळणी यंत्राच्या पट्ट्यात त्याचं टोक गेलं की मान ओढली जाते. मशीन सुरू करायच्या आधी दुपट्टा काढून खुंटीला. सैल हातमोजेही तसेच, ड्रिल चालवताना ते वाचवत नाहीत, ओढून नेतात.

आणि करंट. फरशी कापताना धूळ उडू नये म्हणून बाटलीच्या झाकणाला भोक पाडून एक जण मशीनवर पाणी सोडत राहतो. तुमच्या घरी झालं असेल, माझ्या घरी झालंय. धूळ वाईट आहे हे खरंच, फरशीची ती बारीक पांढरी धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. पण त्यासाठी तोंडाला मास्क लावा आणि मोकळ्यावर बसा. साधा ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेला नसतो. मशीनवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर तिला दुहेरी आवरण आहे, अर्थिंगची तार लागत नाही, म्हणून तिला दोनच पिना असतात. पण पाणी आत गेलं की त्या दुहेरी आवरणाचा भरवसा संपला. खाली तराईचं पाणी साचलेलं, पाय उघडे, एक्स्टेंशनला जोड मारलेला आणि जोडावर पन्नीची पट्टी.

"आमच्या घरी एमसीबी आहे" असं बरेच लोक छाती ठोकून सांगतात. भाऊ, एमसीबी वायर वाचवायला असते. माणूस वाचवायला नसते. 16 अँपिअरची एमसीबी 16,000 मिलिअँपिअरच्या वर करंट गेला की पडायला पाहिजे. ओल्या शरीरातून 230 व्होल्टला जाणारा करंट साधारण 200 मिलिअँपिअर. माणूस मरायला तेवढा पुरतो, आणि एमसीबीला तो दिसतसुद्धा नाही. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी, वायरमन लोक त्याला ईएलसीबीही म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांच्यात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की ते डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात लाईन तोडतं. दोन्ही तारा एकदम दोन हातांत धरल्या तर तेही वाचवत नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या त्याच्याच भरवशावर कोणी खेळ करायचा. पण मशीनमधून अंगातून जमिनीत जाणाऱ्या करंटवर, म्हणजे फरशी कापताना बसतो त्या करंटवर, त्याच्याएवढा खात्रीचा दुसरा उपाय नाही.

मग ते घराघरात का नाही? इथून माझा राग सुरू होतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत. त्यात हे यंत्र बसवणं बंधनकारक आहे. आणि त्याच नियमात सवलत आहे, 250 व्होल्टपर्यंतचा आणि 2 किलोवॉटच्या खालचा जोड वगळलेला. 2 किलोवॉटच्या खाली कोणाचं घर असतं? दोन पंखे, चार बल्ब, एक टीव्ही. घरकुल. एसी लावलेल्या बंगल्यात, जिथं बाई अनवाणी पायानं सुद्धा चालत नाही, तिथं हे यंत्र सक्तीचं. आणि जिथं ओल्या मातीवर उकिडवं बसून फरशी कापतात, तिथं सूट. गरिबाला खर्च पडू नये म्हणून दिलेली सूट असेल. पण ही सूट बरोबर त्याच माणसाला उघडं पाडते.

दुसरा कायदा पाहा. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली केंद्राचा कायदा आला. मोठा कायदा, सुरक्षेचे पानंच्या पानं नियम. त्यातून स्वतःच्या राहत्या घराचं 10 लाखांपर्यंतचं काम पहिल्याच कलमांत बाहेर ठेवलं गेलं. घरकुल दीड लाखाच्या आसपासच्या अनुदानातलं. म्हणजे तेही बाहेर. याच कायद्यातून राज्यात कल्याणकारी मंडळ झालं, त्याच्या पेट्यांसाठी आपल्याकडे किती रांगा लागल्या ते तुम्ही पाहिलंय. मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, हातमोजे, गॉगल सगळं येतं. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, एका घरी त्या हेल्मेटमध्ये लसूण ठेवला होता आणि गॉगल पोरगा मोटारसायकलवर लावून फिरत होता. हसू नका. वस्तू दिली आणि ती कशासाठी दिली हे अर्धा तास कोणी सांगितलं नाही, तर लसूणच ठेवणार.

तिसरा कायदा तर माझ्या आवडीचा, कारण तो खरोखर चांगला आहे. डेंजरस मशीन्स रेग्युलेशन ॲक्ट, 1983. हरितक्रांतीनंतर पॉवर थ्रेशर गावोगाव पोचले आणि मजुरांचे हात त्यात जायला लागले, तेव्हा संसदेनं तो केला. त्यात मजुराला शहाणपण सांगितलेलं नाही. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना लागेल, फिरत्या भागाला आवरण लागेल, वापराचं पुस्तक द्यावं लागेल, आणि हात गेला तर काम देणाऱ्यानं भरपाई द्यायची. म्हणजे 1983 साली या देशाला कळलं होतं की मशीन धोक्याची असेल तर आधी मशीन बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला धरायचं. हात ड्रमपर्यंत पोचूच नये एवढा लांब आणि वरून झाकलेला पन्हाळ थ्रेशरला लावायचा, हा त्याच विचारातला उपाय. कायद्याच्या व्याख्येत नाव घेऊन सांगितलेलं यंत्र मात्र एकच, थ्रेशर. ग्रामीण भागातली दुसरी यंत्रं अधिसूचना काढून जोडायचा अधिकार केंद्राला त्याच व्याख्येत दिलेला आहे. आज आपल्या गावात थ्रेशर वर्षातून चार दिवस येतो. कटर रोज चालतो. ज्यांना आपण दिल्लीला पाठवतो त्यांच्यापैकी कोणी उठून विचारावं की भाड्यानं फिरणारा ग्राइंडर या यादीत का नसावा. पक्ष कुठलाही असो, मला फरक पडत नाही.

तिरोड्यात 3300 मेगावॉटचं वीज केंद्र उभं आहे. आपला जिल्हा वीज बनवणारा जिल्हा. आणि त्याच जिल्ह्यात काडी खुपसून कटर चालतो. वीज ग्रिडमध्ये जाते, तिरोड्याची वीज तिरोड्याला मिळत नसते, हे मला कळतं, कोणी समजावून सांगू नये. पण पंधरा-वीस रुपयांचा प्लग तरी या जिल्ह्याला मिळावा.

आणि पंचायत समिती. घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याला फोटो लागतो. पाया झाला फोटो, भिंती झाल्या फोटो, छत झालं फोटो, अक्षांश-रेखांशासकट. अभियंता येतो, मोबाइल उभा धरतो, जातो. त्या फोटोच्या चौकटीत कोपऱ्यात बिनगार्डची मशीन पडलेली असते. त्याला ती दिसते. त्याच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. त्याला दोष देत नाही, माझ्या बातमीतही नव्हता. केंद्राच्या याच योजनेत गावातल्या गवंड्यांना 45 दिवसांचं प्रशिक्षण देण्याची सोय आहे. त्या 45 दिवसांतला एक दिवस मशीनला द्या, आणि त्या दिवशी घरच्या पोरांनाही बोलवा, कारण मजुरी वाचवायला शेवटी मशीन तेच हातात घेतात.

याला विरोध होणार, आणि तो गरिबाच्या नावानंच होणार. "गार्ड-बिर्डच्या भानगडीत भाडं वाढेल, गरीब कुठून देईल?" गार्ड फुकट आहे. डब्यात आलेला आहे. पोत्यात पडलेला आहे. त्याचे पैसे दुकानदारानं मशीन घेतानाच दिलेत.

दुसरे म्हणतात, "आमचे मिस्त्री वीस वर्षांपासून असेच करून रायले, काही नाही होत." ज्यांचं झालं ते आता मिस्त्री नाहीत, भाऊ. ते पानठेल्यावर बसलेत, नाहीतर घरी. म्हणून ते तुम्हाला साइटवर दिसत नाहीत.

येत्या 1 मेला महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला तोही दिवस. त्या दिवशी गावागावात ग्रामसभा आहे. झेंडावंदन झालं की जिलेबी खाऊन घरी येऊ नका. बसा आणि विषय मांडा. गावाच्या हद्दीत भाड्यानं दिली जाणारी कुठलीही मशीन गार्ड, मूठ आणि प्लगशिवाय द्यायची नाही, सोबत एक गॉगल द्यायचा, असा ठराव घ्या. ठरावाला कायद्याचा दात नाही हे मला माहीत आहे. पण दुकानदाराला गाव सोडून जायचं नसतं, त्याला ठराव पुरतो. आणि ग्रामपंचायतीनं एक फिरता बोर्ड करून ठेवावा. जाड तीनतारी केबल, दोन सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. ज्याच्या घरी काम निघेल त्यानं न्यावा, परत आणून द्यावा, जसा आपण लग्नाला गावाचा गंज-कढई नेतो तसा. मी ओळखीच्या वायरमनकडून एक करून घेतला, चार हजारांच्या आत झाला. आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं छोटं बटण असतं. मशीन लावायच्या आधी ते दाबायचं. खटका पडला तर यंत्र जिवंत आहे. नाही पडलं तर त्या बोर्डाला हात लावायचा नाही.

ग्रामपंचायत करो न करो, तुम्ही मशीन आणायला जाल तेव्हा गार्ड मागा. दुकानदार नाही म्हणेल तर पोतं उघडायला सांगा. लाईन गेली की आधी बटण मागं, मग तारा... नाही, तारा नाहीच, प्लग बाहेर. डिस्क बदलतानाही प्लग बाहेर. हात सोडला की आपोआप बंद पडणाऱ्या बटणाच्या मशीनी बाजारात आहेत, लाईन परत आली तरी स्वतःहून सुरू न होणाऱ्याही आहेत. थोड्या महाग असतात. नवी घेणाऱ्यानं तीच घ्यावी.

त्या चार ओळींची दुरुस्ती मी पेपरला पाठवली होती. जुनी झाली म्हणाले, छापली नाही. म्हणून इथं लिहितो. "निष्काळजीपणामुळे" हा शब्द मी मागं घेतो. पोराच्या आईला ही पोस्ट कोणीतरी वाचून दाखवेल अशी आशा आहे.

काल संध्याकाळी पुन्हा त्या दुकानात गेलो. पोतं तिथंच होतं, पण थोडं रिकामं. पाच मशीनींना गार्ड लावलेत, त्यानं दाखवले. बाकीच्यांचे स्क्रू सापडत नाहीत म्हणाला. नमुन्याचा एक स्क्रू खिशात घेऊन आलोय, आज गोंदियाच्या बाजारात जातो.